लावलेला घोडा धावलाच नाही, तर पैसे परत कसे मागावेत

सोलापुरात रेसकोर्स नाही. तरीही घोड्यांच्या शर्यतीचा नाद असलेली मंडळी आपल्या शहरात पूर्वीपासून आहेत. जुलैमध्ये पुण्याचा हंगाम सुरू झाला की त्यांतले काही जण सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून निघतात, पुणे स्टेशनवरून रिक्षाने एम्प्रेस गार्डनशेजारच्या रेसकोर्सवर पोहोचतात आणि रात्री उशिरा घरी परततात. थंडीत हंगाम मुंबईला महालक्ष्मीवर गेला की हाच प्रवास सिद्धेश्वर एक्सप्रेसने होतो. एवढ्या लांब जाऊन लावलेला घोडा हरला, तर तक्रारीला जागा नसते; पण लावलेला घोडा धावलाच नाही, तर त्यावरचे पैसे कोणाचे, याचे उत्तर फार थोड्यांना नीट ठाऊक असते. त्यामुळे काही जण हक्काचे पैसे सोडून येतात, तर काही जण हक्क नसताना खिडकीवर भांडत बसतात. कोणी शर्यतीला जावे असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. जे जाणारच आहेत, त्यांनी पैसे लावण्याआधी आणि घोडा बाद झाल्यानंतर काय पाहावे, काय विचारावे आणि कोणत्या गोष्टीसाठी भांडू नये, एवढेच येथे सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतले एक वयस्कर काका पुण्याला माझ्याबरोबर आले होते. चौथ्या शर्यतीत त्यांनी लावलेला घोडा सुरुवातीच्या गेटमध्ये (ज्या कप्प्यांतून घोडे एकदम सुटतात) शिरताना बुजला, त्याने जॉकीला खाली पाडले आणि तो एकटाच धावपट्टीवरून पळत सुटला. काकांनी रागाने तिकिटाचे चार तुकडे केले. "काका, थांबा, अजून काही जाहीर झालेले नाही," असे मी म्हणेपर्यंत तुकडे गवतात पडलेही होते. पाच मिनिटांत ध्वनिक्षेपकावरून तो घोडा शर्यतीतून काढून घेतल्याचे आणि त्याच्यावरच्या तिकिटांचे पैसे परत मिळतील असे जाहीर झाले, आणि आम्ही दोघे वाकून ओल्या गवतातून तुकडे वेचू लागलो. तीन सापडले; ज्यावर तिकिटाचा क्रमांक होता, तो चौथा काही सापडला नाही. "जाऊ दे रे, माझ्यापेक्षा घोडाच शहाणा निघाला," असे काका हसत म्हणाले खरे, पण परतीच्या गाडीत दौंड येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येक नवख्याला आधी हेच सांगतो की शर्यतीचा निकाल अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत तिकीट फाडू नये, टाकू नये आणि चुरगळूनही ठेवू नये.

"धावला नाही" म्हणजे नेमके काय

पैसे परत मागायचे असतील, तर सर्वप्रथम घोडा कोणत्या टप्प्यावर बाद झाला हे ठरवावे लागते, कारण आपण बोलताना "धावला नाही" हे एकच वाक्य तीन निरनिराळ्या घटनांसाठी वापरतो. पहिली घटना सर्वांत सोपी आहे. रेसकार्डात, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींच्या पुस्तिकेत, नाव छापलेले असते, पण शर्यतीच्या दिवशी घोडा लंगडतो, त्याला ताप येतो किंवा ट्रेनर अन्य काही कारणाने परवानगी घेऊन त्याला मागे घेतो. ही माघार बहुधा वेळेवर जाहीर होते, फलकावर लागते, आणि त्यानंतर त्या घोड्यावर कोणी पैसे घेतही नाही. म्हणून रेसकोर्सवर पोहोचल्याबरोबर, चहाच्याही आधी, माघारीची यादी पाहून आपल्या रेसकार्डावर त्या नावांवर रेघ ओढावी. घरी आदल्या रात्री केलेला सगळा अभ्यास एका माघारीने बदलू शकतो. आघाडीवर राहून वेग ठरवणारा घोडाच मागे घेतला गेला, तर मागून येणाऱ्या घोड्याचे गणितही बदलते.

दुसरी घटना पॅडॉक (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात ते आवार) आणि गेट यांच्यामध्ये घडते. पैसे लावून झालेले असतात, घोडे जॉकीसह सुरुवातीच्या जागेकडे गेलेले असतात आणि तिथे एखादा घोडा गेटमध्ये शिरायलाच तयार होत नाही, गेटमध्ये अंग आपटून घेतो, गेटचे दार तोडून आधीच बाहेर पडतो किंवा पशुवैद्याला त्याच्या पायात काही दोष दिसतो. अशा वेळी स्टार्टरच्या, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या, सांगण्यावरून त्याला शर्यतीतून काढले जाते. काकांचा घोडा या प्रकारातला होता. येथे घोडा मैदानात आला होता, सगळ्यांनी त्याला पाहिले होते, त्याच्यावर जॉकीही बसला होता. तरीही तो "निघाला" असे होत नाही, आणि म्हणून त्याच्यावर लावलेले पैसे परत मिळतात.

तिसरी घटना खऱ्या भांडणाची आहे. गेट उघडले, बाकीचे घोडे निघाले आणि आपला घोडा मात्र जागच्या जागी उभा राहिला, मागच्या पायांवर उठला किंवा निघाल्याबरोबर जॉकीला टाकून मोकळा झाला. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा घोडाही धावला नाहीच, पण नियमाच्या दृष्टीने तो सुटला. याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. २८ जून २०१५ रोजी हानशिन येथील ताकाराझुका किनेन या शर्यतीत गोल्ड शिप नावाचा घोडा उतरला होता. २०१३ आणि २०१४ मध्ये हीच शर्यत त्याने जिंकलेली असल्यामुळे लोकांचा त्याच्यावर मोठा भरवसा होता. गेट उघडण्याच्या वेळी तो मागच्या पायांवर उभा राहिला, कितीतरी मागे पडला आणि पंधरावा आला. त्याचे नाव असलेल्या तिकिटांवरचे सुमारे १२ अब्ज येन तेवढ्या एका क्षणात बुडाल्याचा हिशेब तिकडे अजून सांगितला जातो. त्यांतला एक येनसुद्धा परत मिळाला नाही, कारण गेट व्यवस्थित उघडले होते आणि घोडा मोकळा होता. त्याने निघायचे नाही असे स्वतः ठरवले.

याच्या उलट, गेटचे दारच अडकले आणि घोडा आतच कोंडला गेला, तर मात्र अनेक देशांतल्या नियमांप्रमाणे स्टीवर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, त्याला "सुटलेला नाही" असे जाहीर करू शकतात आणि मग पैसे परत द्यावे लागतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत अशी तरतूद आहे. फरक असा की एका ठिकाणी घोड्याने संधी नाकारली आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला संधीच मिळाली नाही. खिडकीवर जाण्याआधी आपला घोडा या दोहोंपैकी कोणत्या बाजूला बसतो, याचा प्रामाणिक विचार स्वतःशीच करावा, म्हणजे निम्मे वाद तिथेच संपतात. जॉकी ऐनवेळी बदलला, शर्यत उशिरा सुटली, पावसाने मैदान जड झाले किंवा घोड्याला घाम सुटलेला दिसला, या कारणांसाठी पैसे परत मिळत नाहीत, आणि माझ्या मते मिळूही नयेत.

पूर्ण शर्यतच रद्द ठरण्याचा प्रसंग दुर्मीळ असतो, पण त्याचा नियम ध्यानात ठेवावा. ३ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमधल्या एन्ट्री येथे ग्रँड नॅशनलची सुरुवात दोनदा फसली. दुसऱ्या वेळी सुरुवातीची दोरी एका जॉकीच्या गळ्यात अडकली, घोडे परत बोलावण्याची खूण पुढच्यांपर्यंत पोहोचली नाही आणि ३९ पैकी ३० घोडे तसेच निघून गेले. सात घोड्यांनी पूर्ण अंतर कापले आणि एशा नेस हा घोडा सर्वांत पुढे राहिला, तरी शर्यत रद्द ठरली आणि सुमारे साडेसात कोटी पौंडांच्या पैजा परत कराव्या लागल्या. एशा नेसवर पैसे लावणाऱ्यांनाही फक्त मुद्दलच मिळाले. शर्यत रद्द झाली की जिंकलेले आणि हरलेले एकाच रांगेत उभे राहतात.

बुकीने पैसे परत द्यावेत का

माझे उत्तर "द्यावेत" असेच आहे, पण त्याला एक जोड आहे, आणि ती जोड मान्य नसेल तर पहिली मागणीही सोडावी असे मला वाटते.

आपल्या जिल्ह्यात अकलूजचा घोडेबाजार भरतो. तिथे घेणारा घोड्याचे दात पाहतो, भोवरे पाहतो, दोन फेऱ्या चालवून घेतो आणि मग इसार देतो. इसार दिल्यावर पण घोडा हाती येण्याआधी काही बरेवाईट झाले, तर विकणाऱ्याने इसार परत करावा, हे कोणालाही पटते; कारण ज्यासाठी पैसे दिले, ती वस्तूच मिळाली नाही. घोडा घरी आणल्यावर तो अडेल निघाला, तर मात्र तो घेणाऱ्याच्या पारखीचा दोष. बुकीकडे दिलेल्या पैशांचेही तसेच आहे. आपण त्याच्याकडून घोड्याच्या जिंकण्याची संधी विकत घेतो. जो घोडा सुटलाच नाही, त्याच्यावर बुकीने कोणताही धोका पत्करलेला नसतो, आणि धोका न पत्करता ठेवून घेतलेल्या पैशांना धंद्यातली कमाई म्हणता येत नाही.

परंतु बुकीची बाजूही खरी आहे. त्याने इतर घोड्यांचे भाव तो घोडा पळणार असे धरून लावलेले असतात. सर्वांत आवडता घोडा, म्हणजे फेवरिट, बाद झाला की उरलेल्या प्रत्येक घोड्याची संधी वाढते, पण त्यांच्यावरची जुनी तिकिटे मात्र आधीच्या, चढ्या भावाचीच असतात. म्हणजे एकीकडे फेवरिटचे पैसे परत द्यायचे आणि दुसरीकडे उरलेल्यांना आता गैरवाजवी ठरलेल्या भावाने चुकते करायचे, असा दुहेरी मार त्याच्यावर बसतो. यावर ब्रिटनमध्ये जो उपाय रुळला, त्याला टॅटरसॉल्सचा (पैजांचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या समितीचा) चौथा नियम म्हणतात. बाद झालेल्या घोड्यावरचे पैसे परत द्यायचे आणि विजेत्या घोड्यावरच्या जुन्या तिकिटांच्या नफ्यातून ठरावीक वजावट करायची, असा तो व्यवहार आहे.

हे आकड्यांत पाहिल्याशिवाय नीट समजत नाही. समजा, तुम्ही एका घोड्यावर एकास पाच या भावाने १,००० रुपये लावले. त्यानंतर एका रुपयास दीड रुपया असा भाव असलेला फेवरिट गेटवर बाद झाला आणि तुमचा घोडा जिंकला. मूळ हिशेबाने तुमचा नफा ५,००० रुपये. त्या कोष्टकात एकास दीड भावाच्या घोड्यासाठी नफ्यातल्या प्रत्येक रुपयामागे ४० पैसे वजावट आहे. म्हणून नफा ३,००० रुपये राहतो आणि मुद्दलासह हातात ४,००० रुपये येतात. चाळीसच पैसे का, याचेही कारण सरळ आहे. एकास दीड हा भाव म्हणजे शंभरात चाळीस वेळा जिंकण्याची शक्यता, आणि ती चाळीस टक्के स्पर्धा मैदानातून निघून गेल्यामुळे तुमच्या नफ्यातूनही तितकाच वाटा जातो. बाद झालेल्या घोड्याचा भाव एकास चार असेल, तर वजावट २० पैसे होते. एकास दहा ते एकास चौदा असेल, तर फक्त ५ पैसे. त्याहून जास्त भावाचा घोडा गेला, तर काहीच कापले जात नाही. कितीही घोडे बाद झाले तरी एकूण वजावट ९० पैशांच्या वर जात नाही. मुद्दलाला हात लागत नाही, आणि घोडा बाद झाल्यावर नव्या भावाने घेतलेल्या तिकिटाला ही वजावट लागू होत नाही.

म्हणूनच तिकीट घेताना त्यावरची वेळ आणि भाव वाचून पाहण्याची सवय लावावी, आणि वेळ छापलेली नसेल तर पेनाने मागे लिहून ठेवावी. आपल्याकडे परवानाधारक बुकीकडे पहिले तिकीट घेण्याआधी "घोडा गेटवर बाद झाला तर वजावट कशी करता?" असा प्रश्न शांतपणे विचारावा आणि त्याच्या फलकावर किंवा शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या नियमांत ते कुठे लिहिले आहे, हे दाखवायला सांगावे. चांगला बुकी या प्रश्नाने रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे न लावणेच बरे.

शर्यतीच्या कित्येक दिवस आधी लावल्या जाणाऱ्या पैजा हा निराळा व्यवहार आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या शर्यतींसाठी महिनोन्‌महिने आधी भाव मिळतात, आणि ते चढे असतात. कारण घोडा त्या दिवशी उतरेलच याची खात्री नसते. तेथे घोडा उतरला नाही तर पैसे गेले, हा सर्वमान्य नियम आहे, आणि बुकीने "उतरला नाही तर पैज नाही" असे आधीच जाहीर केलेले असेल तेव्हाच ते परत मिळतात. या नियमाला अन्याय म्हणता येत नाही, कारण चढा भाव हाच त्या धोक्याचा मोबदला असतो. महाराष्ट्रात हा प्रश्न सहसा उद्भवूच नये, कारण जुगार प्रतिबंधक कायद्याने घोड्यांच्या शर्यतीला दिलेली सूट शर्यतीच्या दिवशी लावलेल्या पैजेपुरतीच आहे.

टोटचा व्यवहार

टोटच्या खिडकीवर हा सगळा गुंता नसतो. तिथे भाव कोणी ठरवत नाही. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात, ठरावीक वजावट होऊन उरलेली रक्कम विजेत्या तिकिटांत वाटली जाते. समजा, एका शर्यतीच्या गल्ल्यात १० लाख रुपये जमले आणि त्यांतले ३ लाख बाद झालेल्या घोड्यावर होते, तर ते ३ लाख परत जातात आणि उरलेल्या ७ लाखांवर हिशेब होतो. कोणावर अन्याय होत नाही. साधारण माणसाने, विशेषतः वर्षातून दोनदाच जाणाऱ्याने, टोटवरच थांबावे असे माझे मत आहे. थोडा भाव कमी मिळाला तरी डोके शांत राहते.

फक्त दोन ठिकाणी लक्ष द्यावे. एक म्हणजे अनेक शर्यतींचे विजेते एकाच तिकिटावर निवडायचे असतात, त्या जॅकपॉटसारख्या पैजा. ब्रिटनच्या टोटवर अशा तिकिटातला घोडा बाद झाला, तर पैसे परत न मिळता त्या जागी फेवरिट धरला जातो; बुकीकडच्या तिहेरी पैजेत मात्र ती एक शर्यत वगळून पैज दुहेरी होते. आपण ज्या क्लबच्या खिडकीवर उभे आहोत, तिथला नियम यांपैकी कोणता, हे जॅकपॉटचे तिकीट घेण्याआधीच विचारावे, कारण नंतर कळून काही उपयोग नसतो. दुसरी जागा म्हणजे प्लेसची पैज, म्हणजे घोडा पहिल्या काही क्रमांकांत येईल अशी पैज. किती क्रमांकांपर्यंत पैसे मिळतात, हे किती घोडे धावले यावर ठरते. ब्रिटनमधल्या बुकींच्या प्रथेप्रमाणे साधारणपणे आठ किंवा अधिक घोडे असतील तर पहिले तीन, पाच ते सात असतील तर पहिले दोन, आणि चार किंवा कमी असतील तर प्लेस नाहीच. त्यामुळे आठ घोड्यांतला एक गेटवर बाद झाला, की तिसऱ्या आलेल्या घोड्याच्या तिकिटाची किंमत शून्य होते. आपला घोडा धावला, तिसराही आला, आणि तरीही हाती काही नाही, अशी चमत्कारिक अवस्था होते. पण नियम ठाऊक असेल तर माणूस निदान चक्रावून जात नाही.

मागणी कशी करावी

आता प्रत्यक्ष कृती. घोडा गेटवर अडला किंवा उधळला, की जागेवरून हलू नये आणि तिकीट खिशात नीट ठेवावे. ध्वनिक्षेपकावरची घोषणा ऐकावी आणि निकालाच्या फलकावर घोड्याचा क्रमांक "बाद" म्हणून लागला आहे का, हे स्वतः पाहावे. शेजारच्या माणसाने सांगितले म्हणून खिडकीवर धावू नये, कारण रेसकोर्सवर अफवा घोड्यांपेक्षा वेगाने पळतात. स्टीवर्ड चौकशी करत असतील, तर निकाल थांबलेला असतो आणि अशा वेळी पैसे मागणे व्यर्थ असते. घोषणा झाल्यावर ज्याच्याकडे पैसे दिले त्याच्याकडेच जावे: टोटचे तिकीट टोटच्या खिडकीवर, बुकीचे तिकीट त्याच बुकीकडे. तिकीट पुढे करताना शर्यतीचा क्रमांक, घोड्याचा क्रमांक आणि लावलेली रक्कम एका वाक्यात सांगावी. आवाज चढवण्याची गरज बहुधा पडत नाही.

मिळालेले पैसे तिथेच मोजावेत, आणि मोजताना कराचा प्रश्न विसरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या शर्यतीवरील पैजांना ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. कराचा वाटा इतका मोठा असताना, परत मिळालेली रक्कम आपण खिडकीत दिलेल्या एकूण पैशांइतकी आहे की कर वगळून आहे, हे पाहणे भागच आहे. कमी वाटली तर हिशेब विचारावा, आणि शक्यतो तो लिहून मागावा. आयकराच्या बाबतीत मात्र घाबरण्याचे कारण नाही. शर्यतीत १०,००० रुपयांहून अधिक जिंकल्यावर ३० टक्के करकपात होते. पण परत आलेले मुद्दल म्हणजे जिंकलेली रक्कम नव्हे, ते आपलेच पैसे असतात. कोणी त्यातूनही कपात करू लागला, तर ती नम्रपणे नाकारावी आणि वरिष्ठांना बोलवायला सांगावे.

बुकीने नकार दिला, तर त्याच्याशी दुसऱ्यांदा वाद घालू नये. त्याचा परवाना क्रमांक, वेळ आणि त्याने दिलेले कारण रेसकार्डाच्या कोऱ्या जागेत लिहावे, तिकिटाचा मोबाईलवर फोटो काढावा आणि क्लबच्या कार्यालयात त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी. हे का महत्त्वाचे आहे, ते कायदा पाहिला की कळते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक आहे आणि जिंकलेले पैसे वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले, पण त्यामुळे बुकीवर पैजेचा दावा लावण्याची वाट मोकळी झाली असे समजू नये. ब्रिटनमध्ये परिस्थिती बदलली आहे; तिथे २००५ च्या कायद्यामुळे १ सप्टेंबर २००७ पासून पैजेचे पैसे न्यायालयातून वसूल करता येतात. आपल्याकडे बुकीला खरी भीती असते ती परवान्याची. रेसकोर्स १९१२ च्या कायद्याखालच्या परवान्यावर चालते, बुकी क्लबच्या परवानगीने उभा राहतो, आणि ती परवानगी हाच त्याचा लगाम असतो. म्हणून तक्रार कोर्टाच्या भाषेत न लिहिता क्लबच्या नियमांच्या भाषेत लिहावी: अमुक शर्यत, अमुक घोडा, अमुक वेळी बाद झाल्याची घोषणा, आणि तरीही पैसे नाकारले. तीन ओळी पुरतात. दोन पाने लिहिलेली तक्रार वाचायला कोणाला वेळ नसतो.

फोनवरचा बुकी

सोलापुरात बसून फोनवर घोडा लावणाऱ्यांसाठी वरील सगळे परिच्छेद निरुपयोगी आहेत, आणि हे कडू वाटले तरी सांगणे भाग आहे. १८८७ च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्यातली सूट तीन अटींवर अवलंबून आहे: पैज शर्यतीच्या दिवशी लागली पाहिजे, रेसकोर्सवर त्यासाठी राखलेल्या आवारात किंवा सरकारने मान्य केलेल्या जागी लागली पाहिजे आणि परवानाधारक बुकीकडे किंवा टोटवर लागली पाहिजे. नवी पेठेतल्या दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा व्हॉट्सॲपवर घेतलेली पैज यांतल्या जागेच्या आणि परवान्याच्या अटींत बसत नाही. तिथे तिकीट नसते, वेळ नोंदलेली नसते, आणि घोडा बाद झाल्याची घोषणा झाली तरी "आपल्याकडे असा नियम नाही, शेठ" एवढ्या उत्तरावर विषय संपतो. तक्रार करायची तर आधी आपणच गुन्हा कबूल करावा लागतो. मोबाईलवरच्या ॲपचाही आधार वाटून घेऊ नये. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे.

माझ्या ओळखीच्या एका यंत्रमाग कारखानदारांना अशाच एका फोनवरच्या माणसाने गेटवर बाद झालेल्या घोड्याचे पैसे बुडवले. "अहो, तिकडे रेसकोर्सवर सगळ्यांना परत दिले," असे ते म्हणाले, तेव्हा त्याने शांतपणे "मग तिकडेच लावायचे होते, मालक," असे उत्तर दिले. त्यावर बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

शेवटी एक सोलापूरकरांपुरती अडचण. परतीची हुतात्मा गाठायची, तर दिवसाच्या शेवटच्या एक-दोन शर्यती बहुधा सोडाव्या लागतात, आणि बाद घोड्याचे तिकीट खिशात तसेच राहून जाते. अशा वेळी निघण्याआधी खिडकीवर जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: परताव्याची मुदत किती, आणि ते तिकीट दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या शर्यतीच्या दिवशी चालते का. मुदत असेल, तर तिकीट पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवावे आणि पुढच्या खेपेला जाणाऱ्या माणसाकडे द्यावे. मात्र देताना त्याचा फोटो आपल्याजवळ ठेवावा. काका आता रेसकोर्सवर गेले की तिकिटे शर्टाच्या वरच्या खिशात घालून वर सेफ्टी पिन लावतात.